मागचा खिसा

इगतपुरी,
२ नोव्हेंबर २०२५

प्रिय रिझ्या,

पत्र बघून हसशील. शाळेत मराठीच्या पेपरात 'मित्रास पत्र' यायचं, तेव्हा तू माझं बघून लिहायचास आणि खाली 'तुझा मित्र, भारत' हेसुद्धा उतरवून मोकळा व्हायचास. त्यानंतर मी कुणाला पत्र लिहिलेलं नाही. पोस्टातल्या बाईंनी पाकीट उलटंपालटं करून बघितलं आणि विचारलं, "कोर्टाचं काम आहे का?"

फोन का नाही केला, असं म्हणशील. तीनदा केला. आपाने तो तुझ्या कानाशी धरला, तू "बोल भारत्या" म्हणालास आणि मी फोन ठेवून दिला. तुमचं घर दोन खोल्यांचं, फोनवर बोललं की अम्मींपासून खालच्या दुकानापर्यंत सगळ्यांना ऐकू जाणार. म्हणून हा उद्योग.

अपघाताला दीड महिना झाला. पहिल्या दिवशी दवाखान्यात आलो तो आलो, पुन्हा फिरकलो नाही, हे मला कळतं. रुळांवरची ड्युटी आहे, भाताची सोंगणी चालू आहे, घरी सुवर्णा एकटी पडते. कारणं खरी आहेत. तरी नाशिक काही विलायतेत नाही.

अमोल मागच्या रविवारी सिन्नरहून आला होता. कुठल्याशा बंद पडलेल्या रिसॉर्टमधून हौसेने आणलेल्या त्या तिन्ही कयाक बोटी त्याने भंगारात देऊन टाकल्या. मला म्हणाला, आता वल्ह्याला हात लावणार नाही.

डॉक्टर काय म्हणतात? हाताला काही कळायला लागलं का? खरं सांग, मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस.

तुझा,
भारत


द्वारका, नाशिक,
९ नोव्हेंबर २०२५

भारत्या,

बोलणारा मी, लिहिणारी मासूमाआपा. अक्षर चांगलं आहे म्हणून जास्त मार्क देऊ नकोस.

खरं सांग म्हणतोस तर ऐक. मानेखाली मी म्हणजे गादीवर ठेवलेली दुसरी गादी. खांद्यांपर्यंत कळतं, पुढे काही नाही. नाकावर माशी बसली की आपाला हाक मारतो. ती हात पुसून येईपर्यंत माशी आरामात बसून असते, तिलाही आता माहीत झालंय. (खोटं. मी लगेच येते. — आपा)

दुकानात माझ्या मशीनवर नईमचाचा बसतात. जमिनीतून आवाज वर येतो. दोरा कधी ओढला जातोय, टीप कुठे वाकडी चाललीय, सगळं मला पडल्यापडल्या कळतं. ओरडून सांगतो, तर खालून म्हणतात, "तू आराम कर बेटा." आराम! दुसरं करतोय काय मी?

पण तो दिवस कसला होता रे! तुझ्या बारकूमामांच्या गावाखाली नदी, दोन्ही बाजूंना डोंगर, डोंगरावर सोनकी फुललेली. मामा आपल्या बोटी बघून म्हणाले, "ह्या डब्यात बसून जानार व्हय रं? पाय कुठं ठेवायचं?" आणि आपण तिघं मी शिवलेल्या हाफ पँटी घालून उभे. एकाच ताग्यातलं छत्रीचं कापड, लवकर वाळावं म्हणून. मागे खोल खिसा, दुहेरी टीप. अमोल व्हिडिओत बघितलेलं आपल्याला शिकवत होता आणि स्वतः गोल गोल फिरत होता. पहिला तासभर मला वाटत होतं की मी आयुष्यात एकच चूक केली, ती म्हणजे हे आधी केलं नाही.

मग ती खडकांमधली अरुंद जागा आली. हेल्मेट डोळ्यांवर येत होतं म्हणून मी ते काढून पायाशी ठेवलं होतं. ती माझी अक्कल. बोट उलटली, डोकं दगडावर आपटलं. पाय झाडून बाहेर आलो हे पक्कं आठवतं. मग तू मला ओढलंस. त्यानंतरचं आठवतं ते एवढंच, की मी उलटा लटकलोय, जग खाली डोकं वर पाय, तुझ्या भेगाळलेल्या टाचा माझ्यासमोर पळतायत, आणि मी तुझा मागचा खिसा घट्ट धरून ठेवलाय. काय दिसत असेल! टाचांना काहीतरी लाव.

गल्लीत तुला फरिश्ता म्हणतात. मी सांगितलं, याला गणितात चार मार्क पडले होते. तरी अम्मी पाच वेळा दुआ मागते, त्यात तुझं नाव आधी, माझं नंतर.

ये एकदा. ड्युटीचं मला सांगू नकोस.

तुझा मित्र, भारत
(हे त्याने मुद्दाम लिहायला लावलं. — आपा)


इगतपुरी,
३० नोव्हेंबर २०२५

रिझवान,

आज रिझ्या लिहवत नाही.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे होत आले. दोनदा उत्तर लिहून फाडलं. गेल्या आठवड्यात आमचं रेल्वेचं प्रथमोपचाराचं शिबिर झालं. दरवर्षी असतं, दरवर्षी आम्ही ट्रॅकमन मागच्या रांगेत पेंगतो. या वेळी शिकवणाऱ्या बाईंनी बुडालेल्या माणसाचा विषय काढला. म्हणाल्या, डोक्याला मार असेल तर मान जराही हलू द्यायची नाही, फळीवर सरळ निजवायचं. उलटं टांगून पाणी काढायचा प्रकार तर कधीच करायचा नाही. त्याने फायदा काही होत नाही, आणि मणका दुखावलेला असला तर आत जे काही शाबूत राहिलंय तेही जातं. कुणीतरी म्हणालं, "बाई, आमच्याकडं तर समदे असंच करत्यात." बाई म्हणाल्या, "म्हणूनच सांगतेय."

मी बाहेर जाऊन बसलो. शिबिर संपेपर्यंत आत गेलो नाही.

तुला काठावर आणलं तेव्हा तू खोकत होतास. बारकूमामा ओरडले, "उलटा घे रं त्याला! पानी भाईर पडू दे, नायतर पोरगं हातचं जाईल!" मामांनी तरुणपणी एका बुडत्या पोराला असंच वाचवलं होतं. गावात ती गोष्ट सगळ्यांना पाठ, मलाही. हे चुकीचं असेल असं माझ्या मनाला शिवलंसुद्धा नाही. तुझे गुडघे खांद्यांवरून पुढे घेतले आणि खळ्याभोवती पळालो. तीन फेऱ्या मारायच्या असतात. दुसऱ्या फेरीत तुझ्या तोंडातून पाणी पडलं. बायका "आलं, आलं" म्हणाल्या, म्हणून मी आणखी जोरात पळालो. तू मागचा खिसा असा ओढत होतास की पँट खाली येईल असं वाटलं. तिसऱ्या फेरीत खिसा टरकन फाटला आणि ओढ थांबली. मला वाटलं, खिसा फाटला म्हणून थांबली.

रिझवान, खिसा धरला होतास म्हणजे तोवर तुझे हात चालत होते. पाय झाडून बोटीतून निघालास म्हणजे पायही चालत होते. खिसा आधी फाटला का हात आधी सुटला, हे मी रोज आठवून बघतो. रुळांवर चालताना, जेवताना. काही केल्या आठवत नाही.

सुवर्णाने परवा ती पँट काढून सुई-दोरा हातात घेतला. मी हिसकावून घेतली.

मला फरिश्ता म्हणू देऊ नकोस कुणाला. अम्मींना सांग, माझं नाव दुआतून काढा. मी माफी मागतोय, पण कशाच्या बळावर मागू? एवढंच हवंय की तुला हे माझ्याकडून कळावं.

भारत


द्वारका,
७ डिसेंबर २०२५

भारत,

हे रिझवानचं पत्र नाही, माझं आहे.

तुझं पत्र मी त्याला वाचून दाखवलं नाही. दाखवायला बसले होते. त्याच्या उशाशी बसून मी पहिल्या दोन ओळी वाचल्या, पुढचं नजरेने बघितलं आणि थांबले. तो म्हणाला, "वाच ना आपा." मग मी तोंडाला येईल ते वाचत गेले. सोंगणी झाली, थंडी पडली, तुझ्या मामांच्या म्हशीला रेडकू झालं. आयुष्यात म्हशीचा विचार केला नसेल मी. पण सुचली ती म्हैसच.

तुझा राग आला का विचारशील, तर आला. पाकीट स्टोव्हवर धरलं होतं. मग अम्मी आली आणि मी ते पिठाच्या डब्यामागे सारलं. तू चुकलास म्हणावं तर तू त्याला पाण्यातून काढलंस. नाही म्हणावं तर तो असा पडलाय. मी कुठल्या बाजूला उभी राहू ते मला कळत नाही.

डॉक्टरांना मी आडून विचारलं. ते म्हणाले, दगडानेही झालं असेल, उचलण्यानेही झालं असेल, आता कुणालाच सांगता येणार नाही.

मग त्याला सांगून काय मिळणार? तुला हलकं वाटेल, एवढंच. त्याच्याकडे दुसरं काय उरलंय? येईल त्याला तो सांगतो, माझ्या दोस्ताने मला नदीतून काढलं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याला छत बघत पडायचंय. तिथे त्याच्याजवळ मी हे ठेवू का?

तू येऊ नकोस. तुझं तोंड बघितलं की त्याला कळेल. पत्र लिही, हसरं लिही. आणि रेडकाचं लिही, नाहीतर मी पकडली जाईन.

आपा


इगतपुरी,
१४ डिसेंबर २०२५

प्रिय रिझ्या,

इकडे सगळं ठीक. थंडी मरणाची आहे. तांदूळ घरात आला, या वेळी वास चांगला सुटतोय, आपाला पाठवीन. मामांचं रेडकू मजेत आहे. त्याच्या कपाळावर पांढरा ठिपका आहे म्हणून सुवर्णाने त्याचं नाव चांदोबा ठेवलं. मामा म्हणतात, "लय द्वाड हाय." अमोलचं लग्न जमतंय म्हणे. मुलगी सिन्नरचीच. बघू या, कोण कुणाला गोल गोल फिरवतं ते.

रजा मिळाली की येतोच.

तुझा,
भारत

(वेगळी चिठ्ठी)

आपा, तुम्ही सांगितलं तसं लिहिलं. लिहिताना स्वतःचीच लाज वाटत होती. तुमचं म्हणणं मला पटतं आणि पटतही नाही. पण त्याच्याजवळ रोज तुम्ही असता, मी नसतो. मग मी कुठल्या तोंडाने हट्ट धरू? माझं आधीचं पत्र मात्र जाळू नका. कधीतरी त्याला हवं झालं तर असू द्या.

भारत


द्वारका,
८ जानेवारी २०२६

भारत,

हे अक्षर रवीचं आहे. आठवड्यातून तीनदा माझे हातपाय हलवायला येतो. आपा बाजारात गेलीय. रवीला शपथ घातलीय, तो हे पत्र स्वतः पेटीत टाकेल.

तुझ्या मामाकडे म्हैस नाही. मी त्या दिवशी सकाळी त्यांच्या ओट्यावर तासभर बसलो होतो. चार शेळ्या आणि एक कुत्रं. तू मला रेडकाच्या गोष्टी सांगतोस, नावासकट. मी काय लहान पोर आहे?

मला सगळं माहीत आहे. दवाखान्यात दुसऱ्याच दिवशी डॉक्टर अम्मीला विचारत होते, पाण्यातून काढल्यावर कसं उचललं, कुणी उचललं. त्यांना वाटलं मी गुंगीत आहे. मग मला विचारलं, तेव्हा मी म्हणालो, आठवत नाही. पण मला सगळं आठवतं. मी खिसा ओढत होतो तो तुला थांबवायला. तोंडात पाणी होतं, शब्द फुटत नव्हता, मानेतून सुया सरकल्यासारखं होत होतं. मी ओढत होतो आणि तू आणखी जोरात पळत होतास.

तरी मी घरात कुणाला बोललो नाही. अम्मीचा फरिश्ता कशाला काढून घेऊ? पण तुला मी खिशाची गोष्ट मुद्दाम लिहिली. थट्टेने लिहिली, म्हणजे तुला बोलायला सोपं जाईल. वाटलं, आता हा येईल, दारात उभा राहून रडेल, मी चार शिव्या देईन, आणि निदान दोघांना मिळून हे माहीत असेल. नोव्हेंबर गेला. डिसेंबर गेला. तू काय लिहिलंस? तांदळाला वास चांगला आहे!

तू मला उलटा धरून पळालास त्याचा राग नाही, असं म्हणणार नाही. कधी येतो, कधी जातो. पण तू गप्प बसलास, त्याचा राग जात नाही. मला उठून तुझ्याकडे येता येत नाही रे. तुला येता येतं.

रवी म्हणतो, बास, घाम आलाय तुम्हाला. पुसायलाही त्यालाच सांगावं लागतं.

रिझवान


इगतपुरी,
१६ जानेवारी २०२६

रिझवान,

हे पत्र आपाच वाचतील. वाचू दे. आपा, काही गाळू नका.

तुझं सगळं खरं आहे. मला कळलं होतं आणि मी गप्प बसलो. भ्यालो. रेडकूही खोटं, ते मीच रचलं. यात दुसऱ्या कुणाचा दोष नाही, हे नीट ध्यानात ठेव.

तू थांब म्हणत होतास. तुझं पत्र वाचल्यापासून मला तेवढंच ऐकू येतंय. मला वाटत होतं तू घाबरून धरलंयस, म्हणून मी तोंडाने "घाबरू नको, आलं, आलं" म्हणत होतो. तुला ऐकू आलं असेल तर काय वाटलं असेल!

बारकूमामांना मी सांगितलं. सांगू नये असं सुवर्णा म्हणत होती. मामांनी मळलेली तंबाखू तशीच खाली टाकली आणि म्हणाले, "म्हंजी आपून वाचावलं का मारलं रं?" दुसऱ्या दिवसापासून ते नदीकडे शेळ्या नेत नाहीत.

माफ कर असं लिहीत नाही. तू सांगशील तेव्हा येईन. नको म्हणालास तर येणार नाही.

भारत


द्वारका,
२५ जानेवारी २०२६

भारत,

तुझं पत्र मी काही न गाळता वाचलं. 'रेडकू मीच रचलं' इथपर्यंत आले आणि पुढचं अक्षर दिसेना. रिझवान म्हणाला, "आपा, तू का रडतेस?"

मी उठले, पिठाच्या डब्यामागून तुझं तीस नोव्हेंबरचं पाकीट काढलं आणि त्याला तेही वाचून दाखवलं. सगळं. प्रथमोपचाराच्या बाई, खळं, तीन फेऱ्या, सुई-दोरा. मग मी त्याला म्हणाले, म्हैस माझी होती. अम्मी दारात उभी राहून ऐकत होती, मला दिसलीच नाही. ती पदर तोंडाला लावून आत गेली. दुपारच्या नमाजानंतर तिने दुआ मागितली. तुझं नाव होतं. त्याच्यानंतर होतं, पण होतं.

रिझवान दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मानेच्या पट्ट्यामुळे त्याला तोंड फिरवता येत नाही, म्हणून डोळे मिटून घ्यायचा. मी भरवलं की खायचा, पण डोळे मिटून. मी त्याचं भलं बघत होते, असं मला वाटत होतं. तू खळ्यावर पळत होतास तेव्हा तुलाही तसंच वाटत असेल, नाही का? आज सकाळी त्याने स्वतःहून हाक मारली आणि म्हणाला, कागद घे. पुढचं त्याचं आहे, जसंच्या तसं.

"भारत्या, तुझं तीस नोव्हेंबरचं पत्र आत्ता पोचलं. टपालखातं आमच्याच घरात आहे, थोडा उशीर झाला. आपाला मी बोललो आहे, तू आणखी बोलू नकोस.

माफ केलं का, ते मला विचारू नकोस. सकाळी वाटतं केलं. दुपारी खाली मशीन सुरू होते तेव्हा वाटतं, नाही केलं. मी वाचलो त्याबद्दल तुझे आभार मानू का, तेही मला ठरवता येत नाही. मामांना सांग, त्यांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडेही नाही, पण शेळ्यांना पाण्यावर न्या म्हणावं.

तू विचारलं आहेस, खिसा आधी फाटला का हात आधी सुटला. मीही पुष्कळ आठवून बघितलं. मला कापड टरकल्याचा आवाज आठवतो. त्यानंतर तुझ्या टाचा दिसत होत्या, पण माझे हात कुठे आहेत ते कळत नव्हतं. यापुढे मलाही सांगता येणार नाही.

रविवारी ये. येताना ती पँट घेऊन ये. मला बघायची आहे. सुवर्णा खिसा शिवते म्हणेल, तिला शिवू देऊ नकोस. दुहेरी टिपेचा खिसा होता तो. मी शिवला आणि मीच फाडला. माझ्या हातांनी केलेलं शेवटचं काम आहे ते."